धाकटीनं आधी बोलायचं

भोर,
१७ नोव्हेंबर २०२४

राजनंदिनी,

आशीर्वाद लिहावेत की नाही या विचारात चहा गार झाला. लिहितो. अनेक आशीर्वाद. सख्ख्या बहिणीला पत्र लिहिताना भावाला एवढा विचार करावा लागतो, यावरून आपलं कसं चाललंय ते कळतं.

फोन तू उचलत नाहीस. पत्र निदान कट करता येत नाही. तू ते न वाचता फेकलंस तरी मला कळणार नाही, ही त्यातली आणखी एक सोय. घाबरू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. पत्र गिरणीच्या कामाचं आहे.

सरकारनं तांदळाच्या निर्यातीवरची बंदी उठवली, ते तुला तिकडे माझ्याआधी कळलं असेल. तेव्हापासून कुंडलिकच्या अंगात वारं शिरलंय. आपला हा चुलतभाऊ वेल्ह्याच्या बाजूनं भात गोळा करून आणायचा आणि गुपचूप गिरणीत टाकायचा, आठवतो ना? आता दिवसभर मोबाईल कानाला. त्यानं पुण्याच्या एका एजंटामार्फत थेट तुझ्याच रॉटरडॅमचा व्यापारी गाठला. या माणसाचे पणजोबा बिहारकडून सुरीनामला ऊस तोडायला गेलेले, मग तिथून हे लोक हॉलंडात आले. आता बाप, मुलगे, सुना मिळून किराणा मालाची दुकानं चालवतात. त्यांना आपला आंबेमोहोर हवाय. वर्षभर, ठरलेल्या वेळी, गोणीवर आपल्या गिरणीचं नाव छापून.

तीन वर्षांपूर्वी आबांचं तेरावं झाल्यावर तू हेच म्हणत होतीस. त्यावर मी जे बोललो ते आपल्या दोघांनाही पाठ आहे. इथे लिहीत नाही.

काल चाखणीचा भात केला. विसरली असशील म्हणून आठवण करून देतो. गिरणीत काहीही नवं करायचं तर आधी त्या मालाचं एक पातेलं शिजवायचं, घरच्या सगळ्यांनी गिरणीतच जमिनीवर बसून नुसतं मीठ आणि तूप घालून खायचं, आणि मग धाकट्यानं आधी बोलायचं. थोरला आधी बोलला की बाकीचे मुंड्या हलवतात, असं आजोबांचं म्हणणं. एकानं जरी नाही म्हटलं तरी विषय संपला, आणि का म्हणून कुणी विचारायचं नाही. नवं यंत्र असंच आलं. शिवऱ्याला हायवेवर दुकान टाकलं तेही असंच. तेव्हा तू शाळेत होतीस आणि म्हणालीस, भात छान आहे, दुकानाला हिरवा रंग नको. अजून निळाच आहे.

तर काल मी, कुंडलिक आणि चिमाजीकाका असे तिघं बसलो. काकांनी चौथं ताट मांडायला लावलं. जेवणं झाली. शेवटी कुंडलिक म्हणाला, आता इथला धाकटा मीच, तर मी बोलतो. काकांनी हात वर केला. म्हणाले,

"धाकटी तिकडं हाय. ती बोलल्याबिगर हितं कुणी त्वांड उघडायचं न्हाई."

आणि उठून हात धुवायला गेले. झालं, सगळं तिथेच अडलं. गिरणीत तुझाही वाटा आहे, तेव्हा काका काही चुकीचं बोलले नाहीत. कुंडलिकनं तुला आणि त्या व्यापाऱ्याला नमुन्याचे तांदूळ कुरिअरनं पाठवलेत. शिजव, खा, आणि काय ते कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

कुमार

*

भोर,
२१ डिसेंबर २०२४

राजनंदिनी,

अनेक आशीर्वाद. या वेळी विचार न करता लिहिले.

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणून पोस्टमननं माझ्यावर उपकारच केले. 'भात पांढराशुभ्र आहे. हा आपला नाही.' एवढंच. पाठीमागे काही आहे का म्हणून मी कागद उलटूनही पाहिला.

आधी राग आला. म्हटलं, तिकडे बसून ही आपल्याला तांदूळ शिकवणार. मग जाऊन ती गोणी उघडली, जिच्यातून कुंडलिकनं नमुना भरला होता. मूठभर तांदूळ नाकाशी धरले. काही नाही. आम्ही इथे खाल्ला तो नेहमीच्या गोणीतला होता. तुम्हाला पाठवायचा माल या पठ्ठ्यानं पॉलिशमधून पुन्हा पुन्हा काढला होता. कोंड्याबरोबर वासही गेला. विचारलं तर म्हणतो कसा,

"दादा, तिकडची लोकं गोरी. त्यास्नी तांदूळ बी गोराच लागनार की."

व्यापारी सुरीनामचा आहे, तुझ्या-माझ्यापेक्षा सावळा असेल, हे त्याला सांगायचा काही उपयोग नव्हता. काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. खूप दिवसांनी गिरणीत कुणी असं हसलं.

तुझं बरोबर होतं. हे लिहायला मला किती वेळ लागला ते तू ओळखशील. दुसरा नमुना मी स्वतः काढलाय, एकदाच आणि हलक्या हातानं. दिसायला मळकट वाटेल. झाकण उघडलंस की कळेल.

आता खरं सांगतो, कुंडलिकसमोर मी हे कबूल करत नाही. आपल्याला या ऑर्डरची गरज आहे. गिरणी पूर्वीसारखी चालत नाही, आठवड्यातले निम्मे दिवस पट्टे नुसते लटकलेले असतात. वेल्ह्याकडे डोंगरउताराची खाचरं फार्महाऊसवाल्यांना गेली. जे भात लावतात ते इंद्रायणी लावतात, कारण ती जास्त उतरते. आंबेमोहोर वाऱ्यानं लोळतो, कमी पिकतो, आणि बाजारात कुणीही कशालाही आंबेमोहोर म्हणून विकतो. त्याला बरा भाव मिळाला नाही तर आणखी एखाद-दोन वर्षांत तो कुणी लावणारच नाही. मग आपण भरडायचं काय?

गिरणी बंद असली की वरच्या खोल्यांत फार शांत वाटतं. काका कुंडलिककडे गावी असतात, अधूनमधून तेवढे येतात. मी एकट्यापुरता भात टाकतो आणि दोन्ही वेळा तोच खातो. परवा दूधवाल्याला उगाचच थांबवून घेतलं, त्याच्या म्हशीची चौकशी केली. तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं मी दूध बंद करतोय.

तू तिकडे भात कशात शिजवतेस? कुकरमध्ये शिजवत असशील तर तो मी माझा अपमान समजेन.

तुझा,
दादा

*

भोर,
३० जानेवारी २०२५

नंदे,

एवढं लांब पत्र! पोस्टमननं पाकीट हातात देताना वजन करून दाखवलं. मी ते दुपारी वाचलं, संध्याकाळी परत वाचलं, आणि मधल्या वेळात वजनकाट्यावर बसून नुसता हसत होतो. एका गिऱ्हाइकानं विचारलं, काय शेठ, लग्न जमलं का? म्हटलं, या वयात कोण देतंय.

भात शिजताना शेजारच्या बाईनं दार वाजवून कसला वास येतोय म्हणून विचारलं, हे मी काकांना वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. 'हा आपला आहे' हे तर दोनदा.

तुझं नोकरीचं कंत्राट मार्चअखेर संपतंय आणि ते पुढे चालू ठेवायचं मनात नाही, असं लिहिलंस. आणि खाली लिहिलंस, 'मी भोरला आले तर चालेल का?' नंदे, असं विचारतात का? घर कुणाचं आहे? मागची खोली मी कालच रिकामी केली. तिथे गोण्या होत्या, त्या खाली नेल्या. रंगाऱ्याला बोलावलंय, खिडकीला जाळी लावून घेतोय, गिझरही बसवतो, कारण तू आता गरम पाण्याला चटावली असशील. काकांनी विचारलं, हे काय काढलंस. म्हटलं, ओल आली होती. अजून कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की दृष्ट लागते असं आई म्हणायची, आणि तेव्हा मी तिला हसायचो.

तू विचारलंस, 'तू तिकडची झालीस, आता गिरणीत तोंड घालू नकोस' असं मला अजून वाटतं का. नाही वाटत. तेव्हाही वाटत नव्हतं. आबा गेले होते, आणि तू परतीचं तिकीट काढूनच आली होतीस. मला ते तिकीट दिसलं होतं. जिभेवर आलं ते बोललो. तू बॅग भरलीस तेव्हा मी खाली गिरणी सुरू करून उभा राहिलो, म्हणजे काही ऐकू येऊ नये.

इथे बाकी नेहमीचंच. राजवाड्यात कसलं तरी शूटिंग चाललंय, म्हणून अर्धं भोर नटून फिरतंय. कुंडलिकनं नवा शर्ट शिवला, कॅमेऱ्यात दिसला तर असावा म्हणून.

व्यापाऱ्याला दुसरा नमुना पसंत पडला. त्यानं एक अट घातलीय म्हणे, कुंडलिक बोलतोय त्याच्याशी. किरकोळ आहे. तू कुठल्या तारखेला येतेस ते कळव, मी मुंबईला विमानतळावर येईन. मला वाट सापडत नाही, पण सापडेल.

दादा

*

भोर,
१९ फेब्रुवारी २०२५

नंदे,

अट किरकोळ नाही. तुला मागचं पत्र लिहिलं तेव्हाही मला ते माहीत होतं. तेव्हापासून गप्प बसलो. आता कुंडलिक तुला फोन करतो म्हणतोय, त्याच्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं.

तो व्यापारी म्हणतो, नोकरमाणसाशी मी व्यवहार करत नाही, एजंटाशी तर नाहीच. आमचा घरचा धंदा आहे, तुमचाही घरचा आहे, तर तुमच्या घरचं एक माणूस रॉटरडॅमला राहिलं पाहिजे. प्रत्येक खेप उतरली की त्यानं गोणी उघडून आमच्यासमोर भात शिजवायचा, आणि काही उणंदुणं निघालं तर तोंड दाखवायचं. करार पाच वर्षांचा. म्हणणं वावगं नाही. मी त्याच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो.

कुंडलिकला तिकडे राहण्याचा परवाना मिळणार नाही, आणि तो गेला तर वेल्ह्याकडून भात कोण आणणार? मी गेलो तर गिरणी कोण बघणार? हे सगळं बोलून झाल्यावर कुंडलिक एकदम खूष होऊन म्हणाला,

"आरं, नंदाताई हाय की तिथं! द्येवानंच सोय क्येली."

तू परत येणार आहेस हे त्याला माहीत नाही. मी बोललो नाही. रंगारी वर भिंती घासत होता, त्याचा आवाज येत होता.

चाखणीत मी नाही म्हणू शकतो. कारण विचारायचं नाही असा नियमच आहे. एक घास खायचा, नाही म्हणायचं, आणि एप्रिलात तू घरी. हे रोज मनात येतं. सकाळी येतं, दुकानात येतं, जेवताना तर येतंच. एवढा आप्पलपोटा मी आहे हे मला ठाऊक नव्हतं.

गेल्या आठवड्यात ठकुबाई आली होती. वेल्ह्याच्या वरच्या अंगाची, आबांच्या वेळेपासून तिचा आंबेमोहोर आपल्याकडेच येतो. दोन पायल्या भात भरडून घेतला आणि निघताना दारात थांबली. म्हणाली,

"औंदा लावू का नगं, त्येवढं सांग बाबा. दोनी अंगाला प्लाट पडल्यात, मधी माजं येकलीचं वावर ऱ्हायलंय. पोरं म्हंत्यात इकून टाक."

मी म्हटलं, महिनाभर थांब, सांगतो. तिच्यासारखे अजून बरेच आहेत. ते थांबले तर गिरणीही थांबली.

आता तुझ्यासमोर दोन्ही बाजू आहेत. मला काय हवंय ते मी लिहीत नाही. लिहिलं तर तू माझंच बोलशील, तुझं बोलणार नाहीस, आणि मग धाकट्यानं आधी बोलायचं याला अर्थच उरत नाही. येत्या दोन मार्चला, रविवारी दुपारी, आम्ही चाखणीला बसतोय. तिकडे तुझी सकाळ असेल. कुंडलिक व्हिडिओ कॉल लावील. तुझ्याकडच्या तांदळाचा भात करून बस आणि तुला जे वाटतं ते बोल. माझ्यासाठी काही बोलू नकोस.

दादा

*

भोर,
४ मार्च २०२५

नंदे,

अभिनंदन. सगळ्यांकडून. कुंडलिकनं राजवाड्यापासून एसटी स्टँडपर्यंत दिसेल त्याला पेढे वाटले. कुणी विचारलं काय झालं, तर सांगतो, आमी आता विंटरन्याशनल झालो.

तू मोबाईलमध्ये एवढीशी दिसत होतीस. कुंडलिकनं तुला पातेल्याच्या झाकणाला टेकवून तुझ्या ताटामागे उभं केलं होतं, आणि काका सारखे ते झाकण सरळ करत होते, तू पडू नयेस म्हणून. केस कापलेस ते कुणी सांगितलं नव्हतं. बारीक झालीयेस. तिकडे खिडकीबाहेर अजून पुरतं उजाडलं नव्हतं, आणि तू आपली मांडी घालून, मीठ-तूप घेऊन भात खात होतीस.

तू सरळ बोललीस. "भात आपला आहे. मी इथं राहते. पाठवा." आवाज स्वच्छ आला. मग कुंडलिक म्हणाला, पाठवा. मग माझी पाळी. मी म्हणालो, पाठवा. काका शेवटी. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं, मग मोबाईलकडे बघितलं, आणि म्हणाले, "तुमी दोगं म्हंताय तर आसंल बाबा बराबर. पाठवा." नंतर तुझा कॉल तुटला. कुंडलिक म्हणतो नेटवर्क गेलं.

असो. चांगलं झालं. कामाला लागलोय. ठकुबाईला निरोप धाडला. गोण्यांवर नाव छापायला दिलंय, इंग्रजीत आणि खाली मराठीत, तुझ्या आवडीच्या निळ्या रंगात. छापून आल्या की मागच्या खोलीत ठेवतो, ती कोरडी आहे आणि रंगही नवा आहे.

तुझ्या तब्येतीला जप. पाच वर्षं बघता बघता जातील, असं काका म्हणतात.

तुझा,
दादा

*

भोर,
१८ मे २०२५

नंदे,

काल फोनवर मला बोलता आलं नाही. तू एवढं बोललीस आणि मी विचारलं, जेवलीस का. नंतर स्वतःचीच लाज वाटली. म्हणून लिहितो.

आधी मालाचं. काल सकाळी शिवऱ्याच्या दुकानासमोर कंटेनर लागला. प्रत्येक गोणी मी स्वतः उघडून, मूठभर तांदूळ नाकाशी धरून, मगच शिवू दिली. कुंडलिकनं ट्रकला हार घातला, नारळ फोडला, ड्रायव्हरसोबत फोटो काढले. ठकुबाई तिच्या थोरल्या मुलाला घेऊन मुद्दाम आली होती. त्यानं आता जमीन विकायचा विषय काढलेला नाही, यंदा भाताच्या रोपांचा तरवा टाकायला वावर भाजून ठेवलंय म्हणाली. ट्रक हायवेला लागला तेव्हा तिनं त्याला हात जोडले. सगळे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. कुंडलिक गाडीतून सोडतो म्हणाला, पण मला कुणाशी बोलायचं नव्हतं, म्हणून एसटीनं भोरला आलो. वर जाऊन दार लोटलं आणि तेवढ्यात तुझा फोन वाजला.

तू म्हणालीस, "दादा, त्या दिवशी मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं होतं, तू नाही म्हणशील. माझ्यापायी गिरणी बंद पडायला नको म्हणून मी हो म्हटलं, पण तू नाही म्हणाला असतास ना, तर मी दुसऱ्या दिवशी निघाले असते. तू एकदम पाठवा म्हणालास. मला वाटलं, तुला हेच हवं होतं." मग तू म्हणालीस की कॉल तुटला नव्हता, तूच बंद केलास, कारण तुला रडू आलं होतं.

आणि मी विचारलं, जेवलीस का.

आजोबांनी तो नियम केला तेव्हा धाकट्यानं थोरल्याकडे बघून बोलू नये एवढंच त्यांच्या मनात असणार. थोरला धाकटीकडे बघून बोलेल, हे त्यांच्या डोक्यात कुठून येणार? मला वाटलं, तुझं तिकडे बस्तान बसलंय, चांगलं काम मिळतंय, स्वतःच्या घरच्या मालाचं काम आहे, तू मनापासून राहते म्हणतेस. मी जानेवारीत जे वाचून हसत होतो ते तू तेव्हाच्या भरात लिहिलं असेल. आता तुझ्या आड मी कशाला येऊ? एकदा तसा आलो होतो आणि तीन वर्षं तू बोलली नाहीस. घास तोंडात होता आणि शब्दही तोंडात होता. घास गिळला, त्याच्याबरोबर तोही गिळला. काकांना ते दिसलं होतं. परवा मला म्हणाले, तू त्या दिवशी खोटं बोललास, पण माझी पाळी शेवटची, आणि तुम्ही दोघं हो म्हणाल्यावर मी मध्ये कसा पडू? आपण तिघंही एकमेकांची मनं राखत बसलो आणि कुंडलिक तेवढा एकटा खरं बोलला.

गिरणी आता रोज चालते. लोक म्हणतात, कुमारशेठ, नशीब काढलंत. मी हो म्हणतो. दिवसभर त्या आवाजात काही वाटत नाही. संध्याकाळी पट्टा उतरवला की जिन्यावरून कुणी येतंय का म्हणून उगाच कान देतो. कुणी येत नाही. नंदे, मला फार एकटं वाटतं. आबा गेल्यापासून वाटतं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

आता हे शेवटचं कुठल्या चाखणीत धरायचं नाही आणि कुंडलिकला कळवायचं नाही. करारावर आपण सगळ्यांनी सह्या केल्यात, माल बंदराकडे निघालाय, ठकुबाईचं वावर तयार आहे, तेव्हा यातलं काही मागे फिरवायचं नाही. तिकडे कंटेनर उतरला की गोणी उघड, त्यांच्यासमोर भात शिजव आणि ताठ मानेनं उभी राहा. पण माझी पाळी आली होती तेव्हा मला जे म्हणायचं होतं, ते तुझ्याजवळ कुठे तरी असलेलं बरं, म्हणून लिहून ठेवतो.

मला नाही म्हणायचं होतं. तू घरी ये, एवढंच म्हणायचं होतं.

दादा